कब्जेदार सदरी

दोनशे पेशी तपासल्या, त्यांतल्या १९८ पेशी एक्स-एक्स. म्हणजे बाईच्या. रक्त माझ्याच दंडातून काढलेलं, बाटलीवर नाव माझं, आणि रिपोर्टात मात्र शंभरातले नव्याण्णव वाटे माझ्या थोरल्या बहिणीचे. तारीख ११ मार्च २०२०, तिच्या मूळपेशी मला घातल्या त्या ट्रान्सप्लांटनंतरचा शंभरावा दिवस.

मी भूकरमापक आहे. आयुष्य लोकांच्या हद्दी मोजण्यात गेलं. त्यामुळं रिपोर्ट वाचल्यावर डोक्यात पहिल्यांदा सातबाराच आला. रक्ताच्या उताऱ्यावर कब्जेदार सदरी अक्काचं नाव लागलं होतं. केस, नखं, कातडी तेवढी अजून माझी. फेरफार मंजूर. मात्र फेरफार मंजूर झाला म्हणून बांधावरचं भांडण मिटत नाही, हे मला नोकरीनं शिकवलं होतंच. अंगावर शिकायला पुढची पाच वर्षं लागली.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर कोल्हापूर भागात घरटी एक तापाचा पेशंट होता. मलाही ताप आला, डेंग्यू असेल म्हणून चार दिवस अंगावर काढला. दात घासताना रक्त यायला लागलं, पायांवर लाल बारीक ठिपके उठले, आणि एक जिना चढून गेलो तर मध्येच बसावं लागलं. गावातल्या लॅबवाल्यानं रिपोर्ट माझ्या हातात दिलाच नाही. डॉक्टरांना फोन लावला आणि मला म्हणाला, ‘साहेब, घरातलं कोणतरी बोलवून घ्या.’ पांढऱ्या पेशी ६८ हजार, प्लेटलेट १९ हजार. अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर.

मुंबईत केमो झाली. सात दिवस एक औषध, त्यातले तीन दिवस दुसरंही, म्हणून तिथं सगळे तिला ‘सात-तीन’ म्हणतात. पहिल्याच फेरीत आजार दिसेनासा झाला. डॉक्टर म्हणाले, दिसेनासा झालाय, गेलेला नाही. तुमच्या पेशींतले बदल पाहता तो परत येणार, म्हणून दुसऱ्याच्या मूळपेशी, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी, घालायला लागतील.

भावंडांची एचएलए तपासणी झाली, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा जुळतात का ते पाहिलं. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन जोडण्या प्रत्येकाला मिळतात, त्यामुळं सख्खं भावंड पुरतं जुळण्याची शक्यता चारात एक. दादा निम्मा जुळला. अक्का दहापैकी दहा.

आता अक्काबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही समजणार नाही.

वडील २००९ ला गेले. गटाचं क्षेत्र एक हेक्टर वीस आर, म्हणजे तीन एकर, आणि वारस आम्ही तिघं. आई आधीच गेली होती. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा वाटा लेकाएवढाच असतो, हे मी कार्यालयात येणाऱ्या शंभर लोकांना समजावून सांगितलं असेल. २०११ मध्ये अक्काकडून हक्कसोडपत्र मात्र मीच लिहून घेतलं. दादानं विषय काढला, कागद मी तयार केला. ती गडहिंग्लजहून एसटीनं आली, दुय्यम निबंधकाकडं रांगेत उभी राहिली, सही केली, दुपारी आमच्याकडं जेवली आणि साडी घेऊन परत गेली. आमच्याकडं असंच करतात. बहिणीनं वाटा मागितला तर तिचं माहेर तुटतं, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. त्या वेळी मला यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे खरं.

तर आठ वर्षांनी अक्कापुढं दुसरा कागद आला, डोनरच्या संमतीचा. सात-आठ पानं इंग्रजी-मराठीत. समन्वयक बाईंनी खुणा केलेल्या जागा दाखवल्या, इथं-इथं सही करा म्हणाल्या. अक्कानं पेन उचललं, परत खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, ‘मागच्या येळी तू दावलंस तितं सही केली. ह्या येळी वाचून दाव, काय लिव्हलंय ते.’

रागानं म्हणाली नाही. म्हणून जास्त लागलं.

मी सगळं वाचून दाखवलं, तासभर. त्यात एक परिच्छेद असा होता की दात्याच्या प्रतिकारपेशी रुग्णाच्या अवयवांवर हल्ला करू शकतात. अक्का म्हणाली, ‘म्हंजे माझं रगत तुला मारंल?’ डॉक्टर समोरच होते. ते म्हणाले, थोडंफार मारावं अशीच आमची इच्छा आहे. आम्ही दोघंही त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

त्यांनी जे समजावलं ते मला माझ्या भाषेत असं कळलं. मूळपेशींच्या पिशवीत नुसतं बियाणं नसतं, राखणदारही असतात. त्यांना टी-पेशी म्हणतात. समोरची पेशी आपली की परकी हे तपासत फिरायचं, परकी असली तर संपवायची, एवढंच त्यांचं काम. एचएलए म्हणजे मोठे हद्दीचे दगड; ते दहाच्या दहा जुळले तरी आतल्या बारीक खुणा वेगळ्या राहतातच. अक्काच्या टी-पेशी माझ्या अंगात आल्या की त्यांना सगळं शिवार ओळखीचं वाटेल, पण प्रत्येक बांधावर काहीतरी खटकेल. त्या खटक्यावर उठलेल्या भांडणाचं नाव ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज, सगळ्यांच्या तोंडी जीव्हीएचडी. आणि त्याच खटक्यावर त्या लपलेल्या कॅन्सरच्या पेशीही हुडकून काढतात. केमोनं जे उरतं ते राखणदार निपटतात. औषध तेच आणि आजारही तोच.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मी कित्येक रात्री घोळवली. पुरुषाला बाईच्या पेशी दिल्या, त्यातही मुलं झालेल्या बाईच्या, तर हा त्रास जास्त होतो, विशेषतः दीर्घकाळ चालणारा. पुरुषाच्या वाय गुणसूत्रामुळं त्याच्या पेशींवर काही खुणा असतात, त्या बाईच्या पेशींना परक्या. पोटात मुलगा वाढताना आईच्या प्रतिकारपेशींची त्या खुणांशी गाठ पडलेली असू शकते आणि त्या पेशी ती ओळख लक्षात ठेवतात. अक्काला दोन मुलगे. भाच्यांवरून घेतलेला धडा मामावर गिरवला जाणार होता. दादा पुरता जुळला असता तर कदाचित हे टळलं असतं. पण नव्हता जुळला.

अक्काला पाच दिवस पोटावर इंजेक्शनं दिली. त्यानं मूळपेशी हाडातून सुटून रक्तात उतरतात. तिची कंबर आणि मांड्या इतक्या ठणकल्या की ‘ऊस भरल्यागत दुखतंय’ म्हणाली. मग एका हातातून रक्त बाहेर, मशीनमधून फिरवून दुसऱ्या हातात परत, असे साडेचार तास. हाडातून सुईनं मगज काढण्यापेक्षा ही रीत सोपी, आणि वाढही लवकर धरते. पण अशा पिशवीत टी-पेशी साधारण दहापट जास्त येतात. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी मी काय वेगळं करणार होतो?

२ डिसेंबरला पेशी चढवल्या. त्याआधी सहा दिवस माझा स्वतःचा मगज औषधांनी जाळला होता. त्याबद्दल फार लिहीत नाही. तोंड आतून सोललं, थुंकीसुद्धा गिळता येईना, केस दुसऱ्यांदा गेले. पिशवी टोमॅटोच्या सारासारख्या रंगाची होती आणि पाऊण तासात संपली. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ‘ही खरी भाऊबीज’ म्हणालं. पुढच्या दोन महिन्यांत हे वाक्य मी किमान वीस जणांकडून ऐकलं. दरवेळी अक्का कुठंतरी दुसरीकडं बघायची.

त्या खोलीतली एक बारीकशी गोष्ट लक्षात राहिली. मला चढवायच्या प्रत्येक रक्ताच्या आणि प्लेटलेटच्या पिशवीवर ‘इरॅडिएटेड’ अशी चिठ्ठी असायची. मी विचारलं तर म्हणाले, रक्तदात्याच्या पिशवीतही टी-पेशी असतात. तुमच्याकडं त्यांना हुसकायला आता कुणी नाही, त्या रुजल्या तर जीवघेणं भांडण सुरू होईल, म्हणून किरणं मारून त्यांना आधीच निकामी करतो. प्रत्यारोपणावर संशोधन करणाऱ्या सर पीटर मेडावर यांचे सहकारी रूपर्ट बिलिंगहॅम यांनी १९६६ मध्ये या भांडणाच्या तीन अटी मांडल्या होत्या, असंही राउंडवरच्या तरुण डॉक्टरनं सांगितलं. आलेल्या पेशींत लढायची ताकद हवी, जिथं त्या आल्या तिथं त्यांना परकं काहीतरी दिसायला हवं, आणि घरमालक त्यांना हाकलू न शकण्याइतका दुबळा हवा. अतिक्रमणाची व्याख्या याहून नेमकी मी कुठल्या परिपत्रकात वाचलेली नाही.

सतराव्या दिवशी पांढऱ्या पेशी वर आल्या. सव्विसाव्या दिवशी दवाखान्याजवळच्या भाड्याच्या खोलीत गेलो. तिथं मी, बायको आणि प्रेशर कुकर. सगळं कुकरमध्ये शिजवलेलं, दही नाही, कच्ची कोथिंबीर नाही, पाणी उकळून गार केलेलं. सकाळ-संध्याकाळ सायक्लोस्पोरिन. ही गोळी राखणदारांना झोपवून ठेवते. पाकीट फोडलं की असा वास येतो की बायको खिडकी उघडायची. नॉर्वेतल्या एका पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून हे औषध निघालं, हे वाचल्यावर मला त्या वासाबद्दल जरा आपुलकी वाटली. शेवटी मातीचंच. ठरल्या दिवशी गोळी न घेता जायचं, रक्तातली पातळी मोजायची, मग तिथंच गोळी घ्यायची. पातळी कमी तर भांडण, जास्त तर किडनी. माझे हात इतके कापायचे की नकाशा सोडाच, सहीसुद्धा नीट येईना.

४ जानेवारी, तेहतिसावा दिवस. सकाळी तळहात चुरचुरायला लागले, मिरच्या खुडल्यावर होतात तसे. दुपारी कानांच्या पाळ्या लाल. रात्री छातीवर पुरळ. बायको म्हणाली, नवी चादर बाधली असेल. दुसऱ्या दिवशी ओपीडीत डॉक्टरांनी शर्ट काढायला लावला आणि माझी मोजणी सुरू झाली.

मोजणी हा शब्द उगाच वापरत नाही. जीव्हीएचडीची तीव्रता खरोखर क्षेत्रफळावर ठरते. एक हात म्हणजे अंगाचे नऊ टक्के, छाती-पोट मिळून अठरा, रुग्णाचा स्वतःचा पंजा बोटांसकट सुमारे एक टक्का. पंचवीस टक्क्यांच्या आत पहिली पायरी, पन्नासपर्यंत दुसरी, त्यापुढं तिसरी. माझे चाळीस टक्के भरले. नोंदवहीत आकडा लिहिणाऱ्या डॉक्टरांना मी म्हणालो, पाठ धरली का? ते हसले आणि परत मोजलं.

कातडीचं भागलं असतं. तीन दिवसांनी पोट सुटलं. हिरवं पाणी, आत चिकट पापुद्रे. दाखल करून घेतलं, कमोडमध्ये प्लास्टिकचं मापाचं भांडं ठेवलं आणि बायकोच्या हातात वही दिली. इथंही मापच: दिवसाला पाचशे मिलिलिटरवर पहिली पायरी, हजारावर दुसरी, दीड हजारावर तिसरी. पहिल्या दिवशी ११००, दुसऱ्या दिवशी १८००. यकृताचं माप बिलिरुबिनवर, म्हणजे काविळीच्या आकड्यावर, ते २.६. सगळं मिळून तिसरी श्रेणी. चौथी शेवटची असते.

उपचार आधी सुरू केला, खात्री नंतर. आतड्याचा तुकडा दुर्बिणीतून काढला, कारण असंच पाणी विषाणूनंही होऊ शकतं आणि दोन्हींची औषधं उलटी: एकाला राखणदार दाबायचे, दुसऱ्याला त्यांना मोकळं सोडायचं. तुकड्यात जीव्हीएचडीच निघाला. स्टिरॉइडचा डोस किलोला दोन मिलिग्रॅम. त्या डोसवर माणूस झोपत नाही. रात्री तीनला मी भिंतीवरच्या फरशा मोजून खोलीचं क्षेत्र काढायचो. बायकोवर ओरडायचो. एकदा ओरडलो की तिनं पाण्याचं माप चुकीचं लिहिलंय. ती काही बोलली नाही, भांडं माझ्यासमोर धरलं. माप बरोबर होतं.

संक्रांतीला पाणी २४०० वर गेलं आणि रक्त दिसलं. तोंडानं खाणं बंद, सगळं शिरेतून. डॉक्टरांनी बायकोला बाहेर बोलावलं. तिनं ते बोलणं मला वर्षभरानं सांगितलं. स्टिरॉइडला दाद दिली नाही तर अशा रुग्णांतले बरेच जात नाहीत घरी, असं ते म्हणाले होते. मग रक्सोलिटिनिब सुरू केलं. मुळात दुसऱ्या एका मगजाच्या आजाराचं औषध. स्टिरॉइडला न जुमानणाऱ्या जीव्हीएचडीसाठी अमेरिकेत त्याला आदल्याच वर्षीच्या मे महिन्यात मंजुरी मिळाली होती. पैशाचं विचारू नका. भविष्य निर्वाह निधी, सोसायटीचं कर्ज, मेव्हण्याचा ट्रॅक्टर.

अक्का तेव्हा गावी होती. तिला कुणीतरी सांगितलं की तिच्या पेशी मला आतून खातायत. तिनं तीन दिवस जेवण सोडलं, असं भाच्यानं फोनवर सांगितलं. मी तिला फोन लावला, बोलायला दम नव्हता, तरी म्हणालो, ‘अक्का, तुझं काय चुकलं न्हाई.’ पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, ‘त्यास्नी काय ठावं रं, तू माझा भाऊ हाईस ते.’

आठव्या दिवशी वहीत १४०० आलं. मग ९००. मग ४००, आणि घट्ट. बायकोनं त्या आकड्याभोवती चौकोन काढला. ती वही अजून आहे.

भाड्याच्या खोलीच्या शेजारच्या खोलीत विदर्भातला एक एकवीस वर्षांचा मुलगा होता. त्याला वडिलांच्या निम्म्या जुळणाऱ्या पेशी दिल्या होत्या आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यावर परत केमोचा एकेक डोस, भांडखोर टी-पेशी तेवढ्या माराव्यात म्हणून. ही रीत आता चांगली बसली आहे. त्याला पुरळसुद्धा आलं नाही. आम्ही दवाखान्यात पाणी मोजत असताना तो खाली रस्त्यावर चहा प्यायला जायचा. मला त्याचा हेवा वाटायचा, इतका की कधीकधी त्याच्याशी बोलायला नको वाटायचं. पाचव्या महिन्यात त्याचा आजार उलटला. त्याच्या गोळ्या बंद केल्या आणि वडिलांच्या लिम्फोसाइट, म्हणजे राखणदार पेशी थोड्या-थोड्या करून चढवल्या, दरवेळी आधीपेक्षा जास्त, भांडण लागावं म्हणून. जर्मनीत कोल्ब नावाच्या डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास हा मार्ग काढला. म्हणजे मला जे विझवायला लाखो रुपये लागले, तेच त्याच्यात पेटावं म्हणून त्याचा बाप देवाला हात जोडत होता. त्यांचा शेवटचा फोन त्या वर्षीच्या गणपतीत आला. नंतर आला नाही. मीही लावला नाही.

माझ्या डॉक्टरांना विचारलं की पिशवीतून या टी-पेशी गाळूनच का टाकत नाहीत. म्हणाले, १९८० च्या दशकात तसं करून पाहिलं. भांडण कमी झालं. पण कित्येकांच्या पेशी रुजल्याच नाहीत आणि ल्युकेमिया जास्त जणांना परत आला. एकसारख्या जुळ्यांतही तेच: जुळ्या भावाच्या पेशी दिल्या तर जीव्हीएचडी जवळजवळ होत नाही, पण आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं. ज्याला काही खटकत नाही तो राखण करत नाही. हे वाक्य त्यांचं नाही, माझं आहे. त्यांनी आकडे सांगितले होते.

शंभराव्या दिवशी तो नव्याण्णव टक्क्यांचा रिपोर्ट आला. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोनाची महामारी जाहीर केली. आठवडाभरात डॉक्टरांनीच सांगितलं, इथं थांबण्यापेक्षा गावी सुरक्षित राहाल. मास्क लावून गावात शिरलो तर पारावरची माणसं उठून बघायला लागली. पंधरा दिवसांत सगळं गाव मास्कात. हात कसे धुवायचे, भाजी कशी घ्यायची, विचारायला लोक खिडकीपाशी यायचे. त्या दोन महिन्यांत गावात माझ्याइतका मान कुणाला नव्हता.

आणि मग, सगळं संपलं असं वाटत असताना, दसऱ्याच्या सुमारास तोंड कोरडं पडायला लागलं.

तीव्र आणि दीर्घ असे जीव्हीएचडीचे दोन प्रकार आहेत आणि दुसरा पहिल्यासारखा दिसत नाही, हे कुणीतरी वाचून दाखवलेल्या पानांत होतं. वाचून दाखवणारा मीच, पण ते माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. पहिला दरोडा असतो. दुसरा अतिक्रमणासारखा, दरवर्षी बांध वीतभर सरकतो आणि कळतं तेव्हा गाडी वळायला जागा उरलेली नसते. गालाच्या आत पांढऱ्या जाळीसारख्या रेघा आल्या. तांबड्या रश्शाचा नुसता वाससुद्धा जिभेला झोंबायला लागला. मी कोल्हापूरचा माणूस दूधभात खाऊ लागलो, टूथपेस्टही लहान मुलांची. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं. रडू आलं तर पाणी येईना, नुसती आग. माझ्याच रक्ताच्या निवळीपासून डोळ्यांचे थेंब बनवून दिले. माझ्याच म्हणजे अक्काच्या.

मग कातडी. कमरेला पट्टा बांधतो तिथं आणि मनगटांपाशी ती घट्ट, चकचकीत होत गेली, वाळल्या चामड्यासारखी. एक दिवस देवापुढं उभा राहिलो आणि लक्षात आलं की नमस्कारच होत नाही. बोटांची टोकं जुळतात, तळवे जुळत नाहीत. डॉक्टरांकडं यासाठीही माप निघालं. हाताच्या चित्रांची एक पट्टी असते, नमस्कार पुरता ते अजिबात नाही अशा पायऱ्यांची. मनगटाला मी मधल्या पायरीवर. फुप्फुसांची फुंकर-चाचणी दर तीन महिन्यांनी, कारण तिथं गेलं तर परत फिरत नाही. सुदैवानं अजून तिथं गेलेलं नाही.

स्टिरॉइड पुन्हा, रक्सोलिटिनिब चालूच, फिजिओथेरपीत मेण गरम करून हात बुडवणं. चेहरा भोपळ्यासारखा, मांड्या काडीसारख्या. खाली बसलो तर बायकोनं उठवावं लागायचं. मोजणीला जाणं बंद झालं, कार्यालयातल्या साहेबांनी टेबलाचं काम दिलं. लहानपणीच्या सगळ्या लसी मगजाबरोबर वाया गेल्यामुळं न्यूमोकोकस, कावीळ, धनुर्वात पुन्हा पहिल्यापासून. गोवराची लस जिवंत असते म्हणून ती इतक्यात नाही. रक्तगट ओ होता, तो बी झाला. ओळखपत्रावर बदलायला अर्ज केला तर शेरा आला: ‘रक्तगट बदलत नाही, खुलासा करावा.’ खुलासा तीन पानी झाला.

या काळात डॉक्टरांशी माझं एक भांडण झालं. गालातल्या रेघा जात नव्हत्या, मी म्हणालो औषध वाढवा. ते म्हणाले, नको. तोंड थोडं कोरडं राहू दे, मला ते दिसलेलं बरं वाटतं. मी चिडलो. तुम्हाला बरं वाटायला मी दूधभात खायचा का? ते शांतपणे म्हणाले, तुमचे राखणदार जागे आहेत, एवढंच मला त्यातून कळतं; सगळेच झोपवले तर रात्री मला झोप लागणार नाही. ते कितपत बरोबर होते मी सांगू शकत नाही. सहा वर्षं होत आली, आजार परत आलेला नाही.

आता रक्सोलिटिनिबचा डोस निम्म्यावर आलाय. मनगट बरंच सुटलं. तळव्यांमध्ये एक बोट जाईल एवढं अंतर राहतं. गेल्या महिन्यात ठेचा बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावला. तोंड धुवायला पळालो, पण लावला.

अक्का महिन्यातून एकदा येते. माझा हात उलटा-सुलटा करून बघते, जशी वांगी निवडते तशी. मागच्या वर्षी तिला म्हणालो, तुझा एक एकर तुझ्या नावावर करायचा आहे. ती भाकरी थापत होती. ‘आता कशाला?’ म्हणाली. मी गप्प. थोड्या वेळानं तव्यावरची भाकरी उलटवत म्हणाली, ‘आन् कंचा एकर? हिरीकडला का माळाकडला?’

विहिरीकडचा, मी म्हणालो.

पोटहिस्सा मोजणीचा अर्ज मीच लिहिलाय, नकाशाचा कच्चा आराखडाही मीच काढलाय; रेघ थोडी कापरी आलीय. सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. अक्काची सही झाली, सगळं वाचून घेऊन. माझी झाली. दादाची अजून व्हायची आहे.